बंद लॅपटॉपची बॅटरी उतरते? नवी घेण्याआधी हे तपासा

रात्री लॅपटॉप शट डाउन केला तेव्हा बॅटरी ९० टक्के होती. सकाळी चालू केला तर ७४. मध्ये चार्जर लावला नाही, कुणी हातही लावला नाही. मग हे सोळा टक्के गेले कुठे?

दुकानात नेलात तर बहुधा पहिलं उत्तर मिळतं, "बॅटरी गेली, नवी टाकून देतो." कधी ते खरंही असतं. पण बंद लॅपटॉपची बॅटरी उतरण्याची कारणं चार प्रकारची असतात. लॅपटॉप मुळात पूर्ण बंदच झालेला नसतो. किंवा तो बंद होतो, पण बायोसमधल्या, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ प्रणालीतल्या, एखाद्या सोयीसाठी थोडी वीज घेत राहतो. तिसरं कारण म्हणजे खुद्द बॅटरी किंवा तिचं मीटर, म्हणजे किती चार्ज उरला ते मोजणारं सर्किट, बिघडलेलं असणं. चौथं, मदरबोर्डवरचा, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य सर्किट बोर्डावरचा दोष. यातली पहिली दोन कारणं घरच्या घरी, एक रुपयाही न घालवता तपासता येतात, आणि लॅपटॉप फार जुना नसेल तर तीच आधी तपासायला हवीत. म्हणून बॅटरीचे पैसे देण्याआधी चार-पाच रात्री द्या, एवढंच माझं आग्रहाचं सांगणं आहे. एका रात्री एकच बदल करायचा. पाच सेटिंग एकदम बदलली आणि गळती थांबली, तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही आणि उरलेल्या चार उपयोगी सोयी विनाकारण बंद होऊन बसतात.

पुढचं सगळं विंडोज १० आणि ११ गृहीत धरून लिहिलं आहे. बायोस, बॅटरी आणि बोर्डाबद्दलचा भाग मात्र इतरांनाही तसाच लागू पडेल.

किती उतरणं स्वाभाविक आहे?

लिथियम-आयन बॅटरी नुसती ठेवली तरी थोडी उतरतेच. सेलची स्वतःची गळती आणि बॅटरीतल्या संरक्षक सर्किटचा खर्च मिळून महिन्याला साधारण दोन ते पाच टक्के जातात. लॅपटॉपला जोडलेल्या बॅटरीवर आणखी थोडा भार असतो, कारण पॉवर बटण दाबलं गेलं का हे पाहणारी एक छोटी चिप कायम जागी असते. हे सगळं धरूनही एका रात्रीत एखादा टक्का, आठवड्यात दोन-तीन टक्के, इथवर काळजीचं कारण नाही. उन्हाळ्यात हा आकडा वाढतो, कारण उष्णतेत सेलची गळती जोर धरते. विदर्भातल्या मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेल्या लॅपटॉपची तुलना एसी ऑफिसातल्या लॅपटॉपशी करू नका.

रात्रीत तीन टक्क्यांहून जास्त जात असतील तर शोध घ्यायला हवा. त्यासाठी एक छोटा हिशोब करा. समजा बॅटरी ५० वॉट-अवरची आहे (वॉट-अवर हे साठवलेल्या विजेचं माप) आणि दहा तासांत १५ टक्के गेले. म्हणजे साडेसात वॉट-अवर गेले, तासाला पाऊण वॉट-अवर, म्हणजेच सतत पाऊण वॉटचा खर्च. नीट बंद झालेल्या लॅपटॉपला वॉटचा शंभरावा-पन्नासावा हिस्सा पुरतो. पाऊण वॉट ही स्लीपमध्ये असलेल्या लॅपटॉपची भूक आहे, त्यामुळे तेवढा आकडा आला की पहिला संशय 'बंदच होत नाहीये' यावर घ्यायचा. त्याच बॅटरीचे रात्रीत तीन-चार टक्के जात असतील तर खर्च वॉटच्या पाचव्या-सातव्या हिश्शाएवढा निघतो. तिथे एखादा यूएसबी पोर्ट किंवा नेटवर्कची चिप जागी असण्याची शक्यता जास्त.

पहिली पायरी: नीट मोजा

विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल आपोआप तयार होत असतो, फक्त तो मागावा लागतो. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून कमांड प्रॉम्प्ट उघडा. तिथे इंग्रजीत पॉवरसीएफजी असा एकच शब्द लिहा. त्यात पॉवरचं पूर्ण स्पेलिंग आणि त्याला चिकटून सी, एफ, जी ही तीन अक्षरं येतात. मग एक जागा सोडा, स्लॅश द्या आणि स्लॅशला चिकटून बॅटरीरिपोर्ट हा जोडशब्द लिहून एंटर दाबा. अहवाल कुठे साठवला ते तिथेच दिसतं. ती फाइल ब्राउझरमध्ये उघडते.

त्यात दोन आकडे आधी पाहा. डिझाइन कपॅसिटी म्हणजे कारखान्यातून निघताना बॅटरीत मावत होतं तेवढं, आणि फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आज मावतं तेवढं. ५०,००० पैकी ४२,००० उरले असतील तर बॅटरी ठीकठाक आहे. २५,००० वर आली असेल तर ती थकलेली आहे. आता एक गोष्ट लक्षात घ्या. पाच वॉट-अवरची तीच गळती नव्या बॅटरीत दहा टक्के दिसते आणि अर्ध्यावर आलेल्या बॅटरीत वीस टक्के. गळती वाढलेली नसते, भांडं लहान झालेलं असतं. म्हणून टक्क्यांऐवजी मिलिवॉट-अवरमधला आकडा लिहून ठेवा. त्याच अहवालात रीसेंट यूसेजच्या तक्त्यात तो वेळेसकट मिळतो.

मोजणीची रात्र अशी ठेवा. बॅटरी ८० टक्क्यांच्या आसपास असू द्या. चार्जर काढा. माऊसचा रिसीव्हर, पेन ड्राइव्ह, टाइप-सी हब, जे काही खोचलेलं असेल ते सगळं उपसून काढा. हब विसरू नका, एचडीएमआय आणि लॅनची सोय असलेले हब बऱ्यापैकी वीज खातात. स्टार्ट मेन्यूतून शट डाउन करा आणि वेळ लिहा. दहा-बारा तासांनी चालू करून लगेच अहवाल काढा. चालू होण्यातच एखाद-दुसरा टक्का खर्च होतो, तो वजा धरा.

जमलं तर दुसरी मोजणी वीस-चोवीस तासांची करा. खऱ्या गळतीचा वेळेशी हिशोब जुळतो: दहा तासांत आठ टक्के गेले तर वीस तासांत सोळाच्या जवळपास जायला हवेत. दहा तासांतही बारा आणि चोवीस तासांतही बाराच जात असतील, किंवा आज दोन आणि उद्या वीस असा खेळ चालला असेल, तर वीज कुणी खात नाहीये. बॅटरीचं मीटर चुकतंय. मग मधल्या पायऱ्यांवर वेळ न घालवता थेट बॅटरीच्या भागाकडे जा.

दुसरी पायरी: लॅपटॉप खरंच बंद होतोय का?

झाकण मिटवणं म्हणजे बंद करणं नव्हे, आणि पॉवर बटण एकदा दाबणंही नव्हे. विंडोजमध्ये या दोन्हींचा मूळ अर्थ बहुतेक लॅपटॉपवर स्लीप असाच ठेवलेला असतो. शिवाय अलीकडच्या लॅपटॉपमधली स्लीप पूर्वीसारखी गाढ राहिलेली नाही. मॉडर्न स्टँडबाय नावाच्या पद्धतीत लॅपटॉप मोबाइलसारखा अर्धवट जागा राहतो, मेल आणतो, अपडेट उतरवतो. बॅगेतून काढल्यावर लॅपटॉप गरम लागला, तर तो बहुधा आत जागाच होता. तुमच्याकडे कोणती पद्धत आहे ते कळायला वरच्याच आज्ञेत बॅटरीरिपोर्टच्या जागी फक्त ए लिहा. उत्तरात एस-झीरो लो पॉवर आयडल उपलब्ध दिसलं, तर तुमचा लॅपटॉप या अर्धवट झोपेवाला आहे.

अशा लॅपटॉपवर झाकण मिटल्यावर स्लीपऐवजी हायबरनेट ठेवणं मला सर्वांत चांगलं वाटतं. हायबरनेटमध्ये उघडलेलं काम डिस्कवर लिहिलं जातं आणि वीज बंद होते. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा, डावीकडे 'चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डझ' निवडा आणि बॅटरीच्या रकान्यात हायबरनेट ठेवा. पर्याय दिसत नसेल तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि पॉवरसीएफजी, जागा, स्लॅश एच, जागा, ऑन असं लिहा.

आता फास्ट स्टार्टअपकडे येऊ. २०१२ साली विंडोज ८ बरोबर ही सोय आली. ती चालू असेल तर शट डाउन केल्यावर तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर, म्हणजे उपकरणं चालवणारे छोटे प्रोग्राम, मिटत नाहीत. त्यांची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलली जाते. खरं तर यालाही वीज लागायला नको. डिस्कवर लिहिलेलं सांभाळायला बॅटरी कशाला हवी? पण काही लॅपटॉपवर ड्रायव्हर आणि बायोसचं नीट जुळत नाही आणि एखादं उपकरण पूर्ण बंद न होता अर्धवट चालू राहतं. म्हणून फास्ट स्टार्टअपला सरसकट दोष देऊ नका, पण तपासल्याशिवाय सोडूही नका.

ते चालू आहे का, हे टास्क मॅनेजरमध्ये कळतं. परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक करा आणि अप टाइम पाहा. काल रात्री शट डाउन करूनही तिथे पाच-सहा दिवस दिसत असतील, तर गाभा तेवढे दिवस पूर्ण बंद झालेला नाही. रीस्टार्ट केल्यावर मात्र हा आकडा शून्यावर येतो, कारण रीस्टार्टमध्ये फास्ट स्टार्टअप वापरलं जात नाही.

सेटिंगला लगेच हात लावू नका. आधी एक रात्र फक्त एवढंच करा: शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक करा. त्या एका वेळेपुरता लॅपटॉप पूर्ण बंद होतो. सकाळी मोजा. गळती थांबली असेल तर कारण सापडलं. मग पॉवर ऑप्शन्समध्ये 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' उघडा, वरची 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' ही ओळ दाबा आणि फास्ट स्टार्टअपसमोरची खूण काढा. एसएसडी असलेल्या लॅपटॉपवर चालू व्हायला फार तर काही सेकंद जास्त लागतात. मोठ्या विंडोज अपडेटनंतर ही खूण परत आली नाही ना, ते एकदा बघत चला. त्याच लॅपटॉपवर लिनक्सही टाकलं असेल तर फास्ट स्टार्टअप तसंही बंदच ठेवावं, नाहीतर विंडोजच्या ड्राइव्हवर लिनक्समधून नीट लिहिता येत नाही.

अंधाऱ्या खोलीतली एक तपासणीही उपयोगी पडते. शट डाउननंतर दोन मिनिटांनी पॉवरचा दिवा लागलेला आहे का, पंख्याचा बारीक आवाज येतो का, तळ कोमट राहतो का, ते पाहा. पडदा काळा झाला पण दिवा तेवताच राहिला, तर शट डाउन अर्ध्यावर अडकतंय. लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून चिपसेटचा आणि, प्रोसेसर इंटेलचा असेल तर, इंटेल मॅनेजमेंट इंजिनचा ड्रायव्हर तुमच्या नेमक्या मॉडेलचा घेऊन टाका. या दुसऱ्या ड्रायव्हरमुळे शट डाउन अडकण्याचा त्रास पूर्वी बऱ्याच लॅपटॉपना झाला आहे.

तिसरी पायरी: बायोसमधल्या जाग्या सोयी

शिफ्ट शट डाउननंतरही बॅटरी उतरत असेल तर विंडोजचा त्यात हात नाही. आता बायोस. लॅपटॉप चालू करताच डेल, एसर आणि आसुसवर एफ-२, एचपीवर एफ-१०, थिंकपॅडवर एफ-१ सारखं दाबत राहा. लेनोव्होच्या इतर मॉडेलांवर बहुधा एफ-२ असतं.

थांबा, आत जाण्याआधी एक काम आहे. तुमच्या लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन ही डिस्क कुलूपबंद करणारी सोय चालू असेल, तर बायोसमधल्या बदलानंतर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आधी तिथे जाऊन ती कागदावर उतरवून घ्या. आणि काही सुचेनासं झालं म्हणून सगळी सेटिंग मूळपदावर नेणारं 'लोड डिफॉल्ट्स' दाबू नका. त्याने डिस्कचा मोड बदलला तर विंडोज चालूच होणार नाही. एकच सेटिंग बदला, सेव्ह करा, बाहेर या.

सर्वांत आधी यूएसबी चार्जिंग शोधा. लॅपटॉप बंद असतानाही मोबाइल चार्ज व्हावा म्हणून एखाद्या पोर्टला सतत वीज दिली जाते. त्या पोर्टशेजारी बॅटरीचं किंवा विजेचं चिन्ह असतं, काहींचा रंग पिवळा असतो. लेनोव्होमध्ये याला ऑलवेज ऑन यूएसबी म्हणतात, डेलमध्ये यूएसबी पॉवरशेअर. लेनोव्होच्या काही मॉडेलांत त्याच्याखाली 'चार्ज इन बॅटरी मोड' असा वेगळा पर्याय असतो. तेवढाच बंद केलात तर चार्जर लावलेला असताना सोय मिळते आणि बॅटरीवर असताना मिळत नाही, म्हणजे दोन्ही साधतं. पोर्टात काहीच खोचलेलं नसलं तरी त्याला पाच व्होल्ट पुरवणारं सर्किट जागं राहतं, हे ध्यानात असू द्या.

त्यानंतर वेक ऑन लॅन. ऑफिसात आयटीवाले दुरून संगणक चालू करण्यासाठी ही सोय वापरतात. घरच्या लॅपटॉपला तिचा काही उपयोग नाही, बंद करा. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आयटी विभागाला विचारल्याशिवाय हात लावू नका. बायोसला पासवर्डही असेल. डेलच्या काही मॉडेलांत डीप स्लीप कंट्रोल नावाचा पर्याय मिळतो, तो चालू ठेवायचा, कारण तो बंद अवस्थेतला खर्च कमी करतो. ठरावीक वेळी आपोआप चालू होण्याची ऑटो ऑन ही सोय चुकून लागलेली नाही ना, तेही पाहा.

तरीही फरक नाही पडला तर बायोस अपडेट करा, फक्त कंपनीच्या संकेतस्थळावरून आणि आपल्याच मॉडेलचं. बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली असू द्या आणि चार्जर लावलेला असू द्या. अपडेट अर्ध्यावर तुटलं तर लॅपटॉप कायमचा बंद पडू शकतो, म्हणून ज्या वेळी तुमच्याकडे वीज जाते ती वेळ टाळा.

याच टप्प्यावर एक रीसेटही करून घ्या. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, पॉवर बटण तीस सेकंद दाबून धरा. बॅटरी काढता येत असेल तर आधी ती काढा. काही थिंकपॅड आणि एसर लॅपटॉपच्या तळाशी टाचणीएवढं भोक असतं, त्यात सरळ केलेली पेपरक्लिप घालून आतलं बटण दाबायचं. वीज सांभाळणारी छोटी चिप कधी कधी चुकीच्या स्थितीत अडकते, ती यामुळे मोकळी होते.

चौथी पायरी: दोष बॅटरीत की बोर्डात?

इथवर येऊनही गळती तशीच असेल, तर एकच प्रश्न उरतो आणि त्याचं उत्तर एका रात्रीत मिळतं. बॅटरी लॅपटॉपपासून तोडा, म्हणजे तिची जोडणी सोडवा, आणि रात्रभर ठेवा. सकाळी जोडून मोजा. तोडलेली असतानाही उतरली, तर दोष बॅटरीत आहे. तोडल्यावर उतरली नाही आणि जोडल्यावर उतरते, तर लॅपटॉप वीज खातोय आणि नवी बॅटरी टाकूनही काही फरक पडणार नाही. ही एवढी चाचणी न करता किती जण बॅटरीवर हजारो रुपये घालवतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

बॅटरी बाहेरून काढता येत असेल तर काम सोपं आहे. बऱ्याच थिंकपॅडमध्ये बायोसमधल्या पॉवरच्या भागात 'डिसेबल बिल्ट-इन बॅटरी' असा पर्याय असतो. तो निवडला की बॅटरी तुटते आणि चार्जर लावला की परत जोडली जाते. बाकीच्या लॅपटॉपना तळ उघडून बॅटरीचा कनेक्टर काढावा लागतो. स्क्रू आणि प्लास्टिकच्या अडकण्यांची सवय नसेल तर हे तंत्रज्ञाकडून करून घ्या, आणि वॉरंटी असेल तर सर्व्हिस सेंटरखेरीज कुणालाही उघडू देऊ नका.

संशय मीटरवर असेल, म्हणजे ४० वरून एकदम १२ वर उडी, २५ टक्क्यांवर अचानक बंद, असं होत असेल, तर एकदा बॅटरी पूर्ण भरा, सलग वापरून पाच-सात टक्क्यांपर्यंत उतरवा आणि मध्ये न थांबता पुन्हा पूर्ण भरा. याने मीटरला दोन्ही टोकं पुन्हा कळतात. हे एकदाच करायचं. सवय लावलीत तर बॅटरीच झिजेल.

दोष बोर्डाकडे निघाला तर मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली, किंवा तुमच्या गावात जो खरोखर बोर्डवर काम करतो त्याच्याकडे जा. सांडलेला चहा, कोकणातल्या पावसाळ्याची दमट हवा, स्वस्त चार्जर, कशानेही चार्जिंगच्या सर्किटमधला कपॅसिटर किंवा मॉसफेटसारखा एखादा छोटा भाग वीज झिरपू देऊ लागतो. दुरुस्ती करणाऱ्याला 'बॅटरी उतरते' एवढंच सांगू नका. तुमच्या रात्रींचे आकडे दाखवा आणि बॅटरी तोडल्यावर गळती थांबते हे सांगा. बेंच पॉवर सप्लायवर, म्हणजे किती करंट जातो ते दाखवणाऱ्या दुकानातल्या वीजपुरवठा यंत्रावर, बंद अवस्थेतला करंट आधी किती होता आणि दुरुस्तीनंतर किती आहे, हे दोन्ही डोळ्यांसमोर मोजून मागा. मोजायला तयार नसलेल्याने थेट 'बोर्ड बदलावा लागेल' म्हटलं, तर दुसरा माणूस शोधा.

बॅटरीच बदलायची ठरली तर लॅपटॉपच्या मॉडेलवरून घेऊ नका. जुनी बॅटरी काढून तिच्यावरचा पार्ट नंबर, व्होल्ट आणि वॉट-अवर जुळवा. बसवल्यावर तिथेच बॅटरीचा अहवाल काढा. नव्या बॅटरीची फुल चार्ज कपॅसिटी डिझाइनपेक्षा खूपच कमी दिसली तर ती परत करा.

टचपॅड वर उचललेलं दिसलं, तळ फुगला, झाकण नीट मिटेना, तर वरच्या सगळ्या चाचण्या रद्द. फुगलेली बॅटरी चार्ज करू नका, दाबू नका, टोचू तर मुळीच नका. लॅपटॉप बंद ठेवून बॅटरी लवकरात लवकर काढून घ्या. ती घरच्या कचऱ्यात टाकायची नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, त्यामुळे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा किंवा अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या.

दुरुस्ती व्हायला वेळ असेल आणि मध्येच गणपतीसाठी दहा दिवस गावी जायचं असेल, तर गळणारा लॅपटॉप १५ टक्क्यांवर मिटवून जाऊ नका. बॅटरी शून्यावर जाऊन तशीच पडून राहिली तर सेलचा व्होल्टेज इतका खाली उतरतो की संरक्षक सर्किट तिला पुन्हा चार्ज होऊ देत नाही, आणि चांगली बॅटरीही वाया जाते. एरवी साठवणीसाठी ५०-६० टक्के उत्तम. पण तुमचा लॅपटॉप दिवसाला आठ टक्के गाळत असेल तर दहा दिवसांचे ऐंशी होतात, म्हणून ९० च्या वर भरून ठेवा, किंवा बॅटरी तोडता येत असेल तर निम्म्यावर तोडून ठेवा.